परतीचें विमान

वाचकहो, आमची काशीयात्रा कशी झाली, घाट किती पाहिले, विश्वेश्वराच्या दर्शनास किती वेळ उभें राहावें लागलें, हें सर्व या पानांतून सांगावें अशी इच्छा कित्येकांनीं पत्रद्वारें कळविली आहे. तें मी सांगणार नाहीं. काशीवर लिहिणारे उदंड आहेत, व त्यांत माझ्याहून अधिकारी पुष्कळ. यात्रेचा जो भाग बहुधा कोणी लिहीत नाहीं, म्हणजे घरीं परत येण्याचा, त्यापुरतेंच आज लिहितों; कारण त्यांत माझा एक अपराध गुंतलेला आहे, व तो मनांत ठेवून दुसरें कांहीं लिहिणें मला साधत नाहीं.

हकीकत शके १९४६ च्या मार्गशीर्षांतील, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरांतील आहे. हिंजवडीस मुलाच्या घरीं मी राहतों. त्या वसाहतींत आमच्यासारखे निवृत्त आईबाप घरटी एक जोडी तरी निघतील. मुलगे-सुना संगणकाच्या कंपन्यांत. सकाळीं बाहेर पडलीं कीं दिवेलागणीनंतर दिसावयाचीं. तेव्हां दुपारच्या वेळीं बाकांवर बसून आम्हीं म्हाताऱ्यांनीं जे अनेक बेत केले व मोडले, त्यांतला काशी-प्रयाग-अयोध्येचा एक बेत मात्र तडीस गेला. बावीस जण जमलों. जातांना आगगाडी व येतांना विमान असें ठरलें. "जातांना उत्साह असतो, येतांना कंबर मोडलेली असते," हें आमच्यांतील एका निवृत्त बँक-अधिकाऱ्याचें म्हणणें सर्वांस पटलें. मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं प्रथमच विमानांत बसणार होतों.

माझी आई एकूणनव्वद वर्षांची. तिचा जन्म वाईचा, संसारहि वाईस झाला. कृष्णेच्या घाटावर सारें आयुष्य गेलें. वाईला दक्षिणकाशी म्हणतात, त्यामुळें काशीचा विषय निघाला कीं ती म्हणे, "मी काशींतच राहिलें, फक्त दक्षिणेच्या." हें ती विनोदानें म्हणे, कीं न मिळालेल्या गोष्टीची समजूत घालण्यासाठीं म्हणे, याचा विचार मीं कधीं केला नव्हता. सहलीची यादी होऊं लागली तेव्हां तिनें एकदांच विचारलें, "मला झेपेल का रे?" मीं लगेच उत्तर दिलें, "डॉक्टर नको म्हणाले."

डॉक्टरांना मीं विचारलेंच नव्हतें. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, प्रत्येक नव्या वर्गाला सत्यवचनाचा पाठ पहिल्या आठवड्यांत दिला; आणि स्वतःच्या आईशीं इतक्या सहज खोटें बोललों, कीं बोलल्यावर दुसऱ्या कामास लागलों. आईनें मान हालविली व "गंगेचा एक गडू तेवढा आण" असें सांगितलें.

गंगा घरीं आणण्याची गोष्ट निघाली कीं महाराष्ट्रांतील माणसाला वरसईच्या विष्णुभट गोडशांची आठवण व्हावी. १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं ते घरून निघाले आणि बंडाच्या धामधुमींत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं आंत राहून पाहिला. चित्तरकथेसारख्या त्या प्रवासानंतर हा कफल्लक भिक्षुक घरीं परत आला तो गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आणि त्या पाण्यानें त्यानें आपल्या आईबापांना स्नान घातलें. 'माझा प्रवास' हें त्यांचें पुस्तक चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. मीं तें अनेकदां वाचलें आहे, व वर्गांत त्या कावडीची गोष्ट सांगतांना माझा कंठ दाटून येत असे. गोडशांना पायीं महिनेच्या महिने लागले; आमचें विमान दोन तास दहा मिनिटांत पोंचणार होतें. दशाश्वमेधावरून तोंडाला डाख दिलेला तांब्याचा गडू मीं घेतला, धोतरांत गुंडाळला, आणि मोठ्या बॅगेच्या मध्यभागीं ठेवला.

काशीचा विमानतळ गांवापासून सुमारें २५ किलोमीटरांवर बाबतपूर येथें आहे व त्यास लालबहादुर शास्त्रींचें नांव दिलेलें आहे. आम्हीं सकाळीं दहालाच तेथें हजर झालों, आणि तेथें कळलें कीं साडेबाराचें विमान केव्हां येईल तें सांगतां येत नाहीं. कारण धुकें. गंगेच्या मैदानांतलें हिवाळ्याचें धुकें आपल्याकडच्या घाटांतल्या धुक्यासारखें हौसेचें नसतें. ओली जमीन, निरभ्र रात्र आणि वारा पडलेला, या तिहींचा योग जुळला कीं जमीन रात्रभर निवत जाते आणि तिला लागून असलेल्या हवेंतील बाष्पाचा दाट थर जमतो. त्याला हालवावयास वाराच नसल्यामुळें सूर्य वर येऊनहि तो तासन्‌तास तसाच बसून राहतो. विमान आमचें एकटें उशिरा नव्हतें. सकाळपासून येणारीं सर्वच खोळंबलीं होतीं. दोष कोणाला द्यावयाचा?

तपासणीच्या वेळीं एक प्रकार घडला. आमच्यांतील एका बाईंच्या हातपिशवींत देवीच्या ओटीचा नारळ होता. तो त्यांना नेऊं देईनात. खोबऱ्यांत तेल असतें व तें पेट घेतें, हें कारण. बाई रडकुंडीस आल्या. शबरीमलैच्या यात्रेकरूंना मात्र इरुमुडीतील नारळ जवळ बाळगण्याची सवलत २०२४ च्या ऑक्टोबरांत मुदतीपुरती दिलेली होती, हें आमच्या बँकवाल्यांना ठाऊक होतें व तें त्यांनीं त्या शिपायाला सविस्तर सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेऊन नारळ बाजूस ठेवला. वाचकांपैकीं कोणी यात्रेस जाणार असेल तर नारळ तेथेंच वाढवून प्रसाद वांटून टाकावा.

चार तास बसावयाचें म्हटल्यावर डबे उघडले. दशम्या, लसणीची चटणी, आणि कोणी तरी आठ दिवस जपून ठेवलेले बेसनाचे लाडू बाहेर आले. गप्पा अर्थातच विमानावर आल्या. एका गृहस्थांनीं, प्राचीन ऋषींनीं विमानें बांधलीं होतीं व त्यांचें शास्त्र उपलब्ध आहे, असा मुद्दा जोरानें मांडला. संस्कृतचा म्हणून माझ्याकडे सर्वांचे डोळे वळले. मला सांगावें लागलें कीं तो 'वैमानिक शास्त्र' नांवाचा ग्रंथ भाषेवरूनच अर्वाचीन दिसतो, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालीं तो तपासून, त्यांतलें एकहि यंत्र उडणार नाहीं असा निर्णय दिलेला आहे. गृहस्थ रागावले. त्यांचा राग जावा म्हणून मीं प्रयागची खरी गोष्ट सांगितली. १९११ च्या फेब्रुवारीच्या १८ तारखेस आंरी पेके नांवाच्या फ्रेंच वैमानिकानें सुमारें ६५०० पत्रें घेऊन प्रयागहून उड्डाण केलें आणि यमुना ओलांडून नैनीला तीं उतरविलीं. जगांतील पहिली अधिकृत हवाई टपाल ती. आदल्याच दिवशीं आम्हीं त्या नैनीच्या पुलावरून गेलों होतों, पण मार्गदर्शकानें त्याविषयीं अवाक्षर काढलें नव्हतें. खरा अभिमान वाटावा अशी गोष्ट पायांखालीं असतां आपण कल्पित विमानांच्या पाठीमागें लागतों, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

साडेचारला विमान हाललें. खिडकीच्या जागा कोणाला द्यावयाच्या यावरून तंटा नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या होत्या, व मला उजव्या बाजूची एक खिडकी आली होती.

घरीं परतणाऱ्या मंडळींचें पहिलें विमान-वर्णन आपल्या वाङ्मयांत फार जुनें आहे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम पुष्पकांतून लंकेहून अयोध्येस परततो. बरोबर सीता, लक्ष्मण, बिभीषण, सुग्रीव असा सारा परिवार, आणि राम एकेक स्थळ सीतेला दाखवीत आहे. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत दुष्यंत इंद्राच्या रथांतून खालीं येतो तेव्हां पृथ्वीच वर येत आहे असें त्याला वाटतें, आणि पानांत बुडालेल्या झाडांचे बुंधे हळूहळू दिसूं लागतात. हा भाग मीं फळ्यावर चित्रें काढून शिकवीत असें. एका वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, कालिदास विमानांत केव्हां बसला होता?" वर्ग हसला, मीं त्याला डोंगरमाथ्यांविषयीं कांहीं तरी सांगून गप्प केलें. बाबतपूरची जमीन सुटली आणि दुष्यंताचा अनुभव माझ्या डोळ्यांसमोर उलटा घडूं लागला: प्रथम झाडांचे बुंधे नाहींसे झाले, मग झाडांची हिरवी बुंदी झाली, मग शेतांच्या चौकटींत तीहि मिटली. कालिदासाचें अनुमान इतकें अचूक कसें, याचें उत्तर त्या मुलाला देण्याजोगें मजजवळ आजहि नाहीं.

त्या संध्याकाळीं सूर्य मावळावयास तयार होईना. काशीस त्या दिवसांत तो सव्वापांचच्या आंत मावळतो, पुण्यास सहाच्या सुमारास. दोन नगरांच्या रेखांशांत ९ अंशांचें अंतर आहे. अंशाला चार मिनिटें या हिशेबानें ३६ मिनिटें झालीं. उरलेलीं दहा-बारा मिनिटें अक्षांशाचीं, कारण हिवाळ्यांत दक्षिणेकडे दिवस मोठा. आम्ही नैर्ऋत्येस, म्हणजे जवळजवळ सूर्याच्याच रोखानें चाललों होतों. शिवाय उंचीमुळें क्षितिज खालीं गेलेलें. त्यामुळें पावणेसहा वाजून गेले तरी, कांचेला गाल लावून पुढें पाहिलें असतां, तांबडें बिंब तसेंच टेकलेलें होतें. आमच्यांतील एक वैदिक गृहस्थ संध्येसाठीं खोळंबून बसले होते. त्यांची दुसरी अडचण संकल्पाची होती. घरीं आपण गोदावरीच्या दक्षिण तीरीं असें म्हणतों. येथें कोणतें तीर म्हणावें? शेवटीं त्यांनीं कागदी पेल्यांतील पाण्यानें आचमन केलें व देशकालाचा उच्चार मनांतच केला. काय म्हटलें तें त्यांनीं सांगितलें नाहीं.

माझ्या पुढल्याच खिडकींत एक वृद्ध बाई होत्या. त्या आमच्या मंडळींतल्या नव्हत्या, नातीबरोबर होत्या. बाबतपूरला त्यांना चाकांच्या खुर्चींतून सर्वांआधीं विमानाच्या दारापर्यंत आणलें होतें. वय एक्याण्णव, असें नातीनें सांगितलें. नऊवारी लुगडें, कानाला लोकरीचा रुमाल, आणि नजर सारखी बाहेर. सुटल्याला पाऊणएक तास झाला असेल, खालीं रुप्याच्या तारेसारखी एक नदी उन्हांत चकाकली. बाईंनीं मागें वळून मला विचारलें, "गुरुजी, ही कोणती हो?" मी गुरुजी आहें हें त्यांनीं कशावरून ओळखलें देव जाणे. मीं म्हटलें, "नर्मदा असावी." त्यांनीं दोन्ही हात जोडले व नदी मागें पडेपर्यंत तसेच ठेवले. गंगेचें पुण्य स्नानानें आणि नर्मदेचें नुसत्या दर्शनानें, हें आपल्याकडे म्हणतातच.

घरीं आल्यावर मीं नकाशावर पट्टी ठेवून काशी ते पुणें सरळ रेघ ओढली. ती नर्मदा ओलांडते जबलपूर-नरसिंहपूरच्या भागांत. पुढें तापीच्या उगमाजवळून, मुलताईवरून जाते. आणि गोदावरी येते पैठणच्या आसपास. वैमानिक कांहीं पट्टीनें रेघ ओढून जात नाहीं हें मला समजतें, पण ती नर्मदाच होती याविषयीं माझा निश्चय झाला आहे.

मीं नातीला विचारलें, इतक्या वयांत डॉक्टरांनीं परवानगी कशी दिली? तिनें सरळ उत्तर दिलें: "विचारलें, म्हणून दिली." डॉक्टरांनीं तपासलें, लेखी दिलें, तिकिटाच्या वेळींच खुर्चीची मागणी नोंदविली, एवढेंच. अशी मागणी निदान ४८ तास आधीं कळवावी लागते. विमानांतील हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवलेला नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीवर जेवढा असेल तेवढा असतो. कळसूबाईचें शिखर ५४०० फूट आहे, यावरून कल्पना करावी. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल त्यानें म्हणूनच आधीं वैद्याला विचारावें. हें सर्व ती मुलगी मला समजावून सांगत होती, आणि मी ऐकतांना दुसऱ्याच गोष्टीचा विचार करीत होतों. माझ्या आईला हृदयाचा विकार नाहीं. तिच्या गुडघ्यांना त्रास आहे, आणि ती पायऱ्या चढूं शकत नाहीं. मला भीति होती ती परक्या गांवीं कांहीं झालें तर माझें काय होईल याची.

अंधार पडल्यावर लोहगांवास उतरलों. हा तळ मूळ १९३९ सालचा, लष्करी. आजहि तो वायुदलाचा आहे. प्रवाशांसाठींची नवी इमारत २०२४ च्या जुलैपासून चालू झाली. लोहगांव हें तुकोबांचें आजोळ मानतात, व त्यांचेंच नांव या विमानतळास द्यावें असा ठराव राज्याच्या मंत्रिमंडळानें त्याच वर्षीं सप्टेंबरांत केला. ज्यांना न्यावयास वैकुंठाहून विमान आलें असें आपला समाज मानतो, त्यांचें नांव विमानतळाला शोभेल.

फिरत्या पट्ट्यावरून एकेकाची बॅग आली. एकवीस जणांच्या आल्या. माझी आली नाहीं. पट्टा थांबला, दिवा मालवला, तरी मी उभाच. कंपनीचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं. कारकून सौजन्यानें वागला. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं अशा वेळीं घरीं जाण्याची घाई न करतां त्याच दालनांत लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, आणि बॅग देतांना मिळालेली चिठ्ठी घरीं पोंचेपर्यंत फेंकूं नये. माझी चिठ्ठी खिशांत होती. गडू मात्र कोठें होता, तें कोणालाच ठाऊक नव्हतें.

काशी ते लोहगांव सुमारें १२०० किलोमीटर. लोहगांव ते हिंजवडी २५-३० किलोमीटर. दोहोंस वेळ जवळजवळ सारखाच लागला. पूर्वीं काशीहून आलेला यात्रेकरू एकदम घरांत शिरत नसे. वेशीबाहेर थांबे, मग गांव वाजतगाजत सामोरें जाई, आणि नंतर मावंदें होई. हिंजवडी हें म्हातोबाचें गांव, चैत्रांत त्याचें बगाड निघतें. येथेंहि पूर्वीं अशी वेस असेलच. आतां वाकडच्या पुलाजवळ सर्वांनाच थांबावें लागतें, वाजंत्रीहि मोटारींच्या कर्ण्यांची होते. त्या रात्रीं मला तो खोळंबा बरा वाटला. आईला काय सांगावयाचें तें ठरत नव्हतें.

ती जागी होती. पाय धुवावयास पाणी काढून ठेवावयास तिनें सुनेला सांगितलें होतें. मी नमस्कार केला आणि म्हटलें, "आई, गडू आला नाहीं. बॅग राहिली कोठें तरी." ती म्हणाली, "येईल उद्यां. तूं आलास ना?" मग माझ्याच्यानें राहवेना. मीं सांगितलें, डॉक्टर नको म्हणाले नव्हते, मीं त्यांना विचारलेंच नव्हतें.

आई कांहीं वेळ वाती वळीत राहिली. मग म्हणाली, "ठाऊक आहे. ते महिन्याच्या महिन्याला मला तपासतात. मींच विचारलें होतें. म्हणाले, खुर्ची मिळते, खुशाल जा."

"मग तूं बोलली कां नाहींस?"

"तुला भीति वाटत होती. भ्यालेल्या माणसाबरोबर कुठें यात्रेला जायचें?"

मजजवळ उत्तर नव्हतें. सून दूध घेऊन आली, आणि विषय तेथेंच राहिला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं बॅग आली; गडूला पोचा गेला होता, पण डाख शाबूत होता. गंगापूजन झालें, शेजारच्या चार घरांतील माणसें जेवावयास बोलाविलीं, आणि आईनें स्नानाच्या पाण्यांत पळीभर गंगा घालून घेतली. दुपारीं पान लावतां लावतां तिनें विमानांतून काय काय दिसलें तें विचारलें. मीं सूर्याची गोष्ट सांगितली, आचमनाची सांगितली, व त्या एक्याण्णव वर्षांच्या बाईंचीहि सांगितली.

"नर्मदा नीट दिसली?"

"दिसली."

"गंगा तूं गडूंत आणलीस," ती म्हणाली, "ही कशांत आणणार?" आणि थोडें थांबून, "काय रे, खिडकीची जागा आधींपासून सांगून ठेवतां येते, का तिथेंहि चिठ्ठ्याच टाकाव्या लागतात?"